कोरी झाडं : चिकूच्या वाडीतली ए/बी टेस्ट

आजचा भाग वैतरण्याहून रेकॉर्ड करतोय, मामाच्या पडवीत बसून. मागून मधेच लोकलचा भोंगा आणि कोंबड्याचा आवाज येईल, तेवढं सांभाळून घ्या. एडिट करून काढता आला असता, पण कोंबडा काही माझं ऐकत नाही.

एरवी आपण इथे ॲप, डेटा, नोकऱ्या असल्या गोष्टींवर बोलतो. आजचा विषय आहे कीटकनाशकाची फवारणी. थांबा, स्किप करू नका! तुमच्यातल्या निम्म्यांच्या घरी वाडी आहे किंवा शेत आहे, आणि बाकीच्यांनी चिकू खाल्लेला आहे. औषध मारलं आणि कीड गेली, असं कुणी म्हटलं तर ती खरंच औषधाने गेली हे कळायचं कसं, एवढाच आजचा प्रश्न आहे. तो सोडवता सोडवता आमचं जवळपास वर्ष गेलं.

आधी थोडं चिकूबद्दल. विरारपासून पुढे निघालात की वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, मग बोईसर, वाणगाव, डहाणू, घोलवड. या पट्ट्यात नारळ आहे, पानवेली आहेत, पण जसजसं उत्तरेला जाल तसतशी चिकूची वाडी वाढत जाते. डहाणू-घोलवड चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. जात बहुतेक ठिकाणी एकच, कालीपत्ती. आमची वाडी इकडे दक्षिणेच्या टोकाला, छोटीशी, पण झाडं जुनी आणि उंच. मामाच्या वडिलांनी लावलेली.

आता कीड. चिकूला त्रास देणारे बरेच आहेत. पानं जाळ्यात गुंडाळणारी अळी आहे, कळी पोखरणारी अळी आहे. पण मामाची झोप उडवली ती बी पोखरणाऱ्या अळीने. हा प्रकार जरा सिनेमातल्या व्हिलनसारखा आहे. छोटासा पतंग लहान फळावर अंडं घालतो. त्यातून निघालेली अळी फळात शिरते, थेट बीपर्यंत जाते आणि बीच्या आत बसून गर खाते. ती शिरली ते भोक फळ वाढताना बुजून जातं. बाहेरून फळ एकदम चकाचक. तुम्ही ते तोडता, धुता, बॉक्समध्ये भरता. आणि मग अळीची वाढ पूर्ण झाली की ती बीतून निघते, गर पोखरत बाहेर येते आणि पानाची कड दुमडून तिथे कोष करते. भोक दिसतं ते तेव्हा. म्हणजे कधी कधी व्यापाऱ्याच्या गोदामात. आपल्या भाषेत सांगायचं तर कोड टाकताना बग दिसत नाही, तो थेट प्रॉडक्शनमध्ये फुटतो. आणि फोन येतो मामाला.

यात एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. अळी एकदा बीत शिरली की वरून मारलेल्या औषधाचा तिच्यावर फारसा उपयोग नाही. मारायची तर अंड्यातून निघून फळात शिरायच्या आत, म्हणजे फळ लहान असताना. आणि चिकूला बाराही महिने फूल-फळ असतं. एकाच फांदीवर कळी, सुपारीएवढं फळ आणि तोडायला आलेलं फळ, तिन्ही. फुलापासून काढणीपर्यंत सात ते दहा महिने. त्यामुळे 'अमुक तारखेला फवारा' असं सोपं उत्तर इथे नसतं.

मामाने काय केलं? जे सगळे करतात तेच. भोकं पडलेले दोन चिकू पिशवीत घालून दुकानात गेला. दुकानदाराने बाटली दिली. मारली. पुढच्या तोड्याला कीड कमी वाटली. मामा खूश. त्याच्या पुढच्या मोसमात पुन्हा जास्त. मग दुसरी बाटली, 'याच्यापेक्षा कडक'. मग तिसरी, आणि वर सल्ला की मात्रा जरा वाढवून मारा. दोन वर्षांत तीन औषधं झाली. आपण त्याला औषध म्हणतो हीसुद्धा गंमतच आहे. आजारी माणसाला देतात ते औषध आणि अळीला देतात तेही औषध.

तिसऱ्या बाटलीच्या वेळी फवारणी करणाऱ्या दादाला चक्कर आली. गेली कित्येक वर्षं तोच आमच्याकडे फवारणी करतो. एचटीपी पंप, लांब पाइप, हातात गन, तोंडाला रुमाल. दुपारी डोकं धरून बसला, मग उलटी झाली. डॉक्टरकडे नेलं, संध्याकाळपर्यंत बरा झाला. पण त्या रात्री जेवताना घरात कुणी बोलत नव्हतं. मी त्या शनिवारी आलो होतो. मामा एवढंच म्हणाला, "कीड तर जात नाही, आणि माणूस जायचा."

तुमच्यातल्या काही जणांना २०१७ चं यवतमाळ आठवत असेल. कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन त्या एका पावसाळ्यात जिल्ह्यात वीसच्या आसपास माणसं गेली, शेकडो दवाखान्यात दाखल झाली. त्या वर्षी कापूस डोक्याएवढा वाढला होता आणि फवारा मारणाऱ्याच्याच अंगावर येत होता, असं तेव्हाच्या बातम्यांत होतं. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो. बातमी वाचली आणि स्क्रोल केली. आता आमच्या पडवीत बसून ती पुन्हा आठवली, कारण आमची झाडं डोक्याएवढी नाहीत, घराएवढी आहेत.

तर त्या रात्री मी मामाला विचारलं, "पहिल्या बाटलीने कीड कमी झाली हे तुला कसं कळलं?"

"अरे, आधी जास्त होती, मग कमी झाली."

"औषध मारलं नसतं तर?"

मामा माझ्याकडे असा बघत राहिला, जसं मी विचारलंय की पाऊस पडला नसता तर छत्री घेतली असतीस का.

पण प्रश्न तोच आहे ना. मी ऑफिसमध्ये दिवसभर हेच करतो. बटणाचा रंग बदलला आणि क्लिक वाढले, तर रंगामुळे वाढले की दिवाळी सेल होता म्हणून वाढले? म्हणून निम्म्या लोकांना जुना रंग दाखवत ठेवायचा. ए/बी टेस्ट. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना वाटतं हे आम्हीच शोधलं. खरं तर हे सगळं शेतातून आलंय. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेड नावाचं शेती संशोधन केंद्र आहे, तिथे १९२० च्या दशकात रोनाल्ड फिशर नावाच्या माणसाने शेतातल्या प्रयोगांसाठी चिठ्ठ्या टाकून वाफे वाटायची पद्धत बसवली. आणि भारतातल्या शेती संशोधकांनी ज्या पुस्तकावर पिढ्यान् पिढ्या संख्याशास्त्र शिकलं, ते लिहिलं पानसे आणि सुखात्मे या जोडीने, १९५४ मध्ये. त्यातले पांडुरंग सुखात्मे आपल्या सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. कुठल्याही कृषी विद्यापीठाचा फवारणीवरचा पेपर उघडा, शेवटी पानसे-सुखात्मे हे नाव सापडण्याची शक्यता भरपूर.

फवारणीचं गणितही जुनंच आहे. १९२५ मध्ये ॲबट नावाच्या अमेरिकन कीटकशास्त्रज्ञाने तीन पानांत एक सूत्र मांडलं. आजही ते वापरतात. समजा मागच्या मोसमात १०० पैकी ६० फळं किडकी होती. औषध मारलं, या मोसमात ३०. मामा म्हणणार, निम्मी कीड मेली. पण त्याच मोसमात, त्याच वाडीत, औषध न मारलेल्या झाडांवर ४० असतील तर? म्हणजे साठाची चाळीस हवामानाने किंवा आणखी कशाने आपोआप झाली. औषधाने केली ती चाळीसची तीस. चाळीसातून दहा कमी, म्हणजे २५ टक्के. पन्नास नाही, पंचवीस. बाटली तीच, पैसे तेच, फक्त शेजारी न फवारलेली झाडं आहेत म्हणून आकडा निम्मा झाला.

हे मी मामाला पाटीवर लिहून दाखवलं. त्याला पटलं. मग मी म्हटलं, आता निम्मी झाडं फवारायची नाहीत. तिथे बिनसलं.

मामी म्हणाली, "त्या झाडांचा चिकू किडला तर पैसे तू देणार का?" बरोबर आहे तिचं. ऑफिसमध्ये जुना रंग दाखवून कुणाचं पोट जात नाही. इथे न फवारलेलं झाड म्हणजे खरं नुकसान, आणि तेही मुद्दाम केलेलं. विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर हे नुकसान सरकार सोसतं, घरच्या वाडीत कोण सोसणार? शेवटी ठरलं की सोळा झाडं घ्यायची, आठ फवारायची, आठ सोडायची, आणि त्या आठांच्या फळांचं जे काही होईल ते माझ्या पगारातून. मामा त्या आठांना 'कोरी झाडं' म्हणायला लागला. नाव राहिलंच.

कुठली आठ, हे ठरवायला मी लॅपटॉप काढला. मामाचा विश्वास बसेना. त्याचंही चुकलं नव्हतं. मशीनने काय केलं ते त्याला दिसत नव्हतं. मग सोळा चिठ्ठ्या, स्टीलचा डबा, आणि माझ्या मामेबहिणीने डोळे मिटून आठ काढल्या. विहिरीजवळचं मामाचं सगळ्यात लाडकं झाड कोऱ्यात आलं. त्याने ते बदलून मागितलं. नाही दिलं. इथेच सगळा प्रयोग फसतो बघा: चांगलं झाड फवारायला आणि रडकं झाड कोरं ठेवायला घेतलं की औषध जिंकणारच. फवारा वाऱ्याने उडतो, म्हणून फवारलेल्या आणि कोऱ्या झाडांच्या मधली झाडं मोजणीत धरली नाहीत.

दिवाळीनंतर प्रत्येक झाडावर सुपारीएवढी तीस फळं निवडली आणि देठाला लोकर बांधली. वरच्या फांद्यांना लाल, खालच्यांना पांढरी. हे दोन रंग करायची कल्पना दादाची. तो म्हणाला, "वरचं आणि खालचं वेगळं बघा, वर औषध लागतं का मला शंकाच आहे." मी वर्षभर आकडे खेळवणारा माणूस, मला हे सुचलं नव्हतं. आणि हो, यावेळी दादाला पूर्ण बाह्यांचा जाड शर्ट, हातमोजे, गॉगल आणि खरा मास्क. मात्रा बाटलीवर लिहिलेली, तेवढीच.

बाटलीवरून आठवलं. तुमच्या घरात जी बाटली असेल ती आज उचलून वाचा. त्यावर चौकोनात रंगीत त्रिकोण असतो: लाल म्हणजे सगळ्यात विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. आणि त्यावर पिकांची नावं असतात. कायदा १९६८ चा आहे; कुठलंही कीटकनाशक विकायच्या आधी त्याची केंद्राकडे नोंदणी लागते, आणि ती ठरावीक पिकावरच्या, ठरावीक किडीवरच्या चाचण्या बघून मिळते. आमच्या तिन्ही बाटल्यांवर कापूस होता, भेंडी होती, मिरची होती. चिकू एकावरही नव्हता. म्हणजे चिकूला मात्रा किती, फवारल्यावर किती दिवसांनी फळ तोडायचं, हे त्या कागदावर कुठेच नाही. दुकानदार जे तोंडी सांगतो तेच. सफरचंद, द्राक्ष, कापूस यांच्यामागे मोठा बाजार आहे, तिथे कंपन्या चाचण्या करतात. चिकूसाठी कोण करणार? म्हणून म्हटलं, आपणच करून बघू.

फवारणीच्या दिवशी आणखी एक गोष्ट केली. पाण्याचा थेंब पडला की निळा होणारा पिवळा कागद मिळतो, फवारणी तपासायलाच बनवलेला. ऑनलाइन मागवला. त्याचे तुकडे झाडांच्या शेंड्याला, मध्ये, खाली टाचले, आणि एक तुकडा दादाच्या शर्टाच्या खांद्यावर.

संध्याकाळी ते कागद पडवीत मांडले. खालचे निळेशार. मधले ठिपके-ठिपके. शेंड्याचे जवळजवळ पिवळेच, कुठे एखादा थेंब. आणि दादाच्या खांद्यावरचा कागद? खालच्या फांद्यांवरच्या कागदाइतका निळा. म्हणजे शेंड्यावरच्या फळांपेक्षा जास्त औषध दादाला मिळालं होतं. मामीने तो कागद उचलला, बघितला आणि काही न बोलता आत गेली.

मग उन्हाळ्यापर्यंत थांबलो. मधे दुसरी फवारणी, तशीच. काही फळं गळली, काही वटवाघळांनी नेली, लोकर जमिनीवर सापडायची. गळलेली फळंही कापून बघितली, कारण किडकी तीच आधी गळत असतील तर झाडावर उरलेली मोजून आपण स्वतःलाच फसवतो. तोड्यानंतर फळं कागदी पिशव्यांत, वर फक्त नंबर. कापायला मामी. कुठला नंबर फवारलेला आणि कुठला कोरा हे फक्त माझ्या वहीत. मामीला सांगितलं असतं तर तिने प्रामाणिकपणेच चूक केली असती. अर्धवट डाग 'किडका' म्हणायचा की नाही हे डोळा आपल्या मनाप्रमाणे ठरवतो.

निकाल असा. सगळी फळं एकत्र धरली तर फवारलेल्या झाडांवर कीड थोडी कमी होती, पण इतकी थोडी की झाडाझाडातला फरक त्याच्यापेक्षा मोठा. विहिरीजवळचं कोरं झाड दोन फवारलेल्या झाडांपेक्षा स्वच्छ निघालं. मामाने लगेच ऐकवलं, "बघ, म्हटलं होतं ना, चांगलं झाड आहे." इथे मी वही मिटली असती तर आम्ही म्हटलं असतं, औषध बोगस. आणि चौथी बाटली आणली असती.

पण मग लोकरीचे रंग वेगळे केले. पांढरी लोकर, म्हणजे खालची फळं: फवारलेल्या झाडांवर कीड कोऱ्यांपेक्षा स्पष्ट कमी. लाल लोकर, म्हणजे वरची फळं: फवारलेली आणि कोरी, फरकच नाही. औषध जिथे लागलं तिथे काम करत होतं. ते वर लागतच नव्हतं. आणि पतंगांची नवी पिढी तिथून, वरून, आरामात येत होती.

तीन बाटल्या बदलल्या. मात्रा वाढवली. दादा आजारी पडला. आणि अडचण बाटलीत नव्हती.

इथे मला सफरचंदाची एक जुनी गोष्ट आठवते. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या बागांमध्ये खवले किडीवर चुना-गंधकाचं मिश्रण मारायचे. काही ठिकाणी कीड मरायची, काही ठिकाणी तेच मिश्रण मारूनही पुष्कळ जगायची. बागायतदार म्हणायचे, माल भेसळीचा आहे. मेलँडर नावाच्या कीटकशास्त्रज्ञाने वेगवेगळ्या बागांत तेच मिश्रण स्वतः मोजून मारलं, किती खवले जिवंत राहिले ते मोजलं, आणि १९१४ मध्ये विचारलं की कीटक फवारणीला सरावू शकतात का. तिथे उत्तर 'हो' होतं. आमच्याकडे उत्तर वेगळं निघालं. पण बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं: औषध मारलं, कीड गेली नाही. कारण मात्र एकाचं कीड, दुसऱ्याचं पाइप. आणि दोन्हीकडे 'अजून कडक मारा' हा सल्ला चुकीचाच.

मग आम्ही काय केलं? पावसाळ्याआधी पाच झाडांची मधली उंच फांदी काढली, उजेड आत येऊ दिला. मामाला ते करवत नव्हतं, वडिलांनी लावलेली झाडं. गळलेली आणि किडकी फळं आधी वाडीतच पडून असायची, आता रोज गोळा करून नष्ट करतो. विद्यापीठाच्या शिफारशीतही हे आहे, फक्त ते बाटलीत मिळत नाही म्हणून कुणी सांगत नाही. गनचं नोझल बदललं. आणि वाऱ्याच्या उलट्या दिशेला तोंड करून फवारायचं नाही, हे दादा आता आम्हाला ऐकवतो.

हे सगळं एकाच वाडीतलं, एकाच मोसमातलं, सोळा झाडांचं आहे. तुमच्या वाडीत झाडं बुटकी असतील तर तुमचं उत्तर वेगळं येईल. माझ्या आकड्यांवर जाऊ नका, तुमची चार झाडं कोरी ठेवा. मामीचा प्रश्न मात्र उरतोच, त्या झाडांचे पैसे कोण देणार. माझा पगार होता म्हणून जमलं. दादाच्या स्वतःच्या दारात तीन चिकूची झाडं आहेत, त्याला एकही कोरं ठेवणं परवडणार नाही. आम्ही ठरवलंय की पुढच्या वेळी आजूबाजूच्या पाच-सहा वाड्यांनी मिळून प्रत्येकी दोन-दोन झाडं कोरी ठेवायची आणि नुकसान वाटून घ्यायचं. दोन घरं तयार आहेत. तिसऱ्या घरच्या आजोबांनी विचारलंय की चिठ्ठ्या कोण काढणार.

छाटलेल्या पाच झाडांची फेरी आता सुरू होतेय. काल लोकर बांधून झाली. यावेळी दादाने तिसरा रंग मागितला, मधल्या फांद्यांसाठी हिरवा. पिवळ्या कागदांचं पाकीट आजच आलंय. उद्या सकाळी वारा पडला तर फवारणी.

तुमच्या घरातल्या बाटलीवर चिकू, आंबा, जे तुमचं पीक असेल ते लिहिलेलं आहे का, बघून मला कळवा. भेटू पुढच्या भागात.